कोरडी बादली

परीक्षागृहात प्रत्येक बाकाखाली एक बादली ठेवलेली असे. फिनेल कितीही ओतलं तरी आंबट दुर्गंधी लपत नसे. ज्याची बादली शेवटपर्यंत कोरडी, तो विशेष प्रावीण्यात पास. आईबाप चारचौघांत मिरवत, "आमच्या मुलाची कोरडी बादली आहे!" शिसारी यावी असंच हे कौतुक होतं, पण ती कुणालाच येत नव्हती.

हा सगळा प्रताप अध्ययन-तंत्रज्ञांचा. एके काळी ही मंडळी प्राध्यापकांना प्रोजेक्टर चालू करून द्यायची, त्यांची व्याख्यानं संकेतस्थळावर चढवायची. आता प्राध्यापकच त्यांच्या दारात ताटकळत. कारण त्यांनी मेंदूची एक जुनी खोड हेरली होती. जे खाऊन एकदा पोट ढवळलं, ते माणूस जन्मात विसरत नाही. शंभरदा घोकून जमत नाही, ते एका ओकारीत जमतं! मग त्यांनी कानामागे चिकटवायची किळसपट्टी काढली. चुकीचं विधान मनात आलं किंवा कानांवर पडलं, की ती मळमळीची नस चेतवायची. पुढे पट्टी काढली तरी मळमळ राहायचीच.

अरुणा खानविलकर मुख्य अध्ययन-तंत्रज्ञ डॉ. राजाध्यक्ष यांच्यासमोर बसल्या होत्या. त्यांचा मुलगा निहार वैद्यकीयच्या शेवटच्या वर्षाला होता.

"मॅडम, तो माझ्यासमोर जेवतच नाही हो. मी तोंड उघडलं की मोरीकडे पळतो."

"काय बोलला होतात?"

"हेच, की अंगात ताप आहे, केळं खाऊ नकोस."

"चुकीचं आहे ते."

"असेल. पण आता मी नुसती 'निहार' अशी हाक मारली तरी ओकतो!"

डॉ. राजाध्यक्ष शांतपणे म्हणाल्या, "मेंदू विष कशात आहे ते शोधत असतो, अरुणाताई. आधी त्याला तुमचं वाक्य विषारी वाटलं. तुम्ही पुन्हा पुन्हा चुकलात, तेव्हा तुमचा आवाजच."

"आई विषारी? लाज नाही वाटत तुम्हाला? काढून टाका ते त्याच्या डोक्यातून!"

"किळस पुसता येत नाही. पण तुमच्या तोंडून सतत बरोबर तेच ऐकलं, तर हळूहळू मागे पडते. त्यासाठी पट्टी तुम्ही लावा."

"मग तो जेवेल?"

"जेवेल."

अरुणाबाईंनी पट्टी लावली. हिवाळाभर त्या विद्यापीठाच्या बाकावर बसून ओकत होत्या. आईचे काढे, सासूची पथ्यं, शेजारणीचे सल्ले, सगळं बादलीत गेलं. शेवटी शेवटी तर पुराव्याशिवायचं कुठलंही वाक्य ओठांवर आलं, की पोटात ढवळायचं. निहारशी त्या रोज फोनवर बोलत, पण फक्त खात्रीचं तेवढंच. डॉ. राजाध्यक्षांनी त्यांचा फोटो माहितीपत्रकावर छापला आणि खाली लिहिलं, 'आता आईही शिकली!' निर्लज्जपणाची हद्द झाली.

अखेरच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी निहार घरी आला. अरुणाबाईंनी जपून हाक मारली. तो पळाला नाही. पानावर बसला, जेवू लागला. त्यांना भरून आलं. इतकं सोसल्याचं सार्थक झालं असं त्यांना वाटलं.

अचानक त्याचा घास हातातच थांबला. डोळे भरले.

"आई, खूप भीती वाटतेय गं. होईल ना सगळं नीट?"

'होईल रे राजा,' हे शब्द अरुणाबाईंच्या घशापर्यंत आले आणि पाठोपाठ आंबट पाणी आलं. त्यांनी तोंडावर पदर दाबला. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच. स्वतःचीच किळस आली त्यांना.

"सांगता येत नाही," त्या कशाबशा म्हणाल्या.

"बरोबर आहे," निहार म्हणाला, आणि डोळे पुसून त्यानं आणखी आमटी वाढून घेतली.