क्लॅम्पवरची पांढरी रेघ

ऐक ना, आधी नुसतं ऐक. मध्ये बोललीस की माझा धागा तुटतो. हे सगळं मला मास्तरांनी सांगितलंय, आणि मास्तरांना खोटं बोललं की शिंका येतात. सांगताना एकही शिंक आली नाही, म्हणजे खरंच असणार.

तर नाडीबाई. इंजिनावर तळहात ठेवून दुखणं ओळखतात म्हणून हे नाव पडलं. तीस वर्षं ट्रकच्या वर्कशॉपमध्ये काढली, आता घराच्या पुढच्या खोलीत बसतात आणि बाकीच्यांनी हात टेकलेल्या गाड्या बघतात. मास्तर म्हणजे त्यांचा नवरा. भूगोल शिकवायचे. जगातली कुठलीही नदी डोळे मिटून दाखवतील, पण बॉनेट कुठल्या बाजूने उघडतं ते अजून विचारतात. बाईंबरोबर वही घेऊन फिरतात.

त्या दिवशी सकाळी एक बाई आली. तिशीतली असेल. खुर्चीवर बसलीच नाही, उभ्या उभ्याच म्हणाली, "माझ्या भावाने सहा आठवडे पाना हातात धरलेला नाही."

"मेकॅनिक आहे?" नाडीबाईंनी विचारलं.

"होता. आता शटर बंद करून आत बसतो. आई गेली ना आमची, त्याच्यामुळे. म्हणजे, असं सगळे म्हणतात."

मग हळूहळू कळलं. आईच्या छातीत दुखायला लागलं, भर दुपारी. त्यांची वस्ती खाली आणि इस्पितळ डोंगराच्या पलीकडे. अँब्युलन्स पलीकडून येऊन परत जाणार म्हणजे दुप्पट वेळ. म्हणून वडिलांनी तिला पिकअपमध्ये बसवलं. चांगली टर्बोवाली गाडी, तीन वर्षांची. अर्ध्या चढावर गाडीने दम सोडला. माणसाच्या चालीने जायला लागली. वर पोचेपर्यंत आई सीटवरच गेली होती.

"सर्व्हिसिंग महिन्यापूर्वी भावाने केलं होतं," ती म्हणाली. "नंतर कंपनीच्या वर्कशॉपने कॉम्प्युटर लावला. म्हणे इंजिनाला हवा कमी पडते, टर्बो ठीक आहे, मागच्या सर्व्हिसिंगमध्ये हलगर्जीपणा झाला असणार. तो कागद बाबांनी वाचला आणि त्याच्याशी बोलणं सोडलं. मला फक्त एवढंच सांगा, त्याची चूक होती का नव्हती?"

"होती असं निघालं तर?"

ती आता कुठे खुर्चीवर बसली. "तरी सांगा. तो जगतोय का मरतोय तेच कळत नाहीये सध्या."

पिकअप वडिलांच्या घरामागच्या शेडमध्ये होती. आणि काय चकाचक होती म्हणून सांगू. मास्तर म्हणाले, मी तिच्यात बघून केस विंचरले. वडील सत्तरीचे, बारीक अंगाचे. हेडलाइट पुसतच होते.

"काका, गाडी छान ठेवलीय," नाडीबाई म्हणाल्या.

"दर रविवारी धुतो. डिझेल आणि ब्रश." त्यांनी खिडकीतला पत्र्याचा डबा दाखवला, त्यात ब्रश उभा होता. "माझी आधीची गाडी बावीस वर्षं चालली ती उगाच? सगळी लोखंडी होती. तिचा नट न् नट, पाइप न् पाइप आतून-बाहेरून डिझेलने घासायचो. ही आजकालची पोरं फडका फिरवतात आणि म्हणतात झालं."

'आजकालची पोरं' म्हणताना त्यांनी हेडलाइट उगाच जोरजोरात घासला. मास्तर वहीत बघायला लागले.

"त्या दिवशी चढावर काय झालं?"

"ताकद गेली. एकदम, कुणी मागून धरून ठेवल्यासारखी. मागे काळा धूर."

"फुस्स असा आवाज? टायर गळतो तसा?"

"नाही. आवाज काहीच नाही."

"मध्ये थांबलात? इंजिन बंद केलंत?"

"बंद?" काका फडका सोडून वळले. "बंद करून परत चालूच झालं नसतं तर? चाळीस मिनिटं पाय दाबून होतो. एकदाही नाही बंद केलं." मग हळूच म्हणाले, "ती म्हणत होती, घाई करू नका, बसलेय मी."

नाडीबाईंनी बॉनेट उघडलं. एअर फिल्टरपासून टर्बोपर्यंत, म्हणजे इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्यापर्यंत, हाताएवढा जाड रबरी पाइप जातो. हवा त्यातूनच आत ओढली जाते. पाइप बाहेरून अगदी नवा दिसत होता. तो ज्या गोल पट्ट्यांनी आवळतात त्यांना क्लॅम्प म्हणतात. प्रत्येक क्लॅम्पच्या स्क्रूवरून पट्टीपर्यंत पांढऱ्या रंगाची बारीक रेघ ओढलेली होती.

"ही रेघ कशाला?" मास्तरांनी विचारलं.

"आवळून झालं की ओढायची. नंतर कुणी स्क्रू फिरवला तर रेघ तुटते. नीट काम करणारा पोरगा आहे."

"सगळ्या रेघा सरळ आहेत की."

"एक सोडून. फिल्टरजवळची बघा."

ती तुटलेली होती. अर्धी रेघ वर, अर्धी बाजूला. क्लॅम्प मात्र घट्ट होता. स्क्रूची खाच एका बाजूने चावल्यासारखी झाली होती.

नाडीबाईंनी पिशवीतून सफरचंद काढलं आणि काकांकडे सुरी मागितली. त्यांनी घरातून आणलेल्या सुरीचं टोक पिळवटलेलं होतं. बाईंनी सफरचंद कापलं, एक फोड मास्तरांना दिली, सुरी पुसून परत केली. मास्तरांना वाटलं, बायकोला भूक लागली असेल. त्यांनी दुसरी फोडही मागितली.

मग दोघांनी गाडीत ओल्या वाळूची पोती भरली आणि तोच चढ धरला. सपाटीवर गाडी हरणासारखी. अर्ध्या चढावर बसली. काळा धूर, आणि फुस्स नाहीच. बाईंनी गाडी बाजूला घेतली, इंजिन तसंच सुरू ठेवलं, तीन मिनिटांनी परत प्रयत्न केला. तशीच मेलेली. मग किल्ली फिरवून बंद केलं, मोठ्याने साठ आकडे मोजले आणि परत चालू केलं.

गाडी गुरगुरत वर गेली.

"अगं, आपोआप बरी झाली," मास्तर खुश झाले.

"आपोआप तुमचा खोकला तरी बरा होतो का हो?" बाई म्हणाल्या. नेहमी एवढं बोलून त्या हसतात. त्या दिवशी हसल्या नाहीत. वर पोचल्यावर स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिल्या. मास्तरांनी विचारलं, काय झालं? त्या म्हणाल्या, "साठ आकडे हो. फक्त साठ."

मास्तरांना तेव्हा काही कळलं नाही. मलाही ऐकताना कळलं नव्हतं.

सर्व्हिसिंगनंतरच्या त्या महिन्यात गाडी दुसऱ्या कुणी चालवली होती का? तर मामाने. म्हणजे गेलेल्या आईच्या भावाने. त्याचं रंगाचं दुकान. भाच्याला सगळ्यात जास्त शिव्या त्यानेच दिल्या होत्या.

"मी काही उघडलं-बिघडलं नाही बरं का," मामा आधीच म्हणाला. "सिमेंटची पोती नेली एकदा, बास. ताई जायच्या आधी आठवडाभर."

"चढावर गाडी बसली का?"

मामाचा हात डब्याच्या झाकणावर थांबला. "बसली जराशी. मी बंद केली, पाणी प्यायलो, निघालो. परत काही झालं नाही. म्हटलं उन्हाने असेल."

"कुणाला सांगितलंत?"

"एवढ्याशा गोष्टीचं काय सांगायचं?" तो म्हणाला, आणि म्हणता म्हणताच खाली बसला. "सांगायला हवं होतं का हो?"

"हवं होतं," नाडीबाई म्हणाल्या. दुकानातून निघताना त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

मग भाऊ. बंद शटरच्या आत, अंधारात, उलट्या बादलीवर बसलेला. दाढी वाढलेली, नखं मात्र स्वच्छ. मेकॅनिकची नखं स्वच्छ म्हणजे काय, कळतंय ना तुला?

"क्लॅम्प कशाने आवळतोस?"

"सॉकेट पान्याने. स्क्रूची खाच खराब होते म्हणून स्क्रूड्रायव्हर लावतच नाही."

"त्या हवेच्या पाइपचं काय केलंस?"

"काढला. आतून जरा तेलकट होता. कोरड्या फडक्याने पुसून बसवला. बाबांना म्हटलं, या पाइपकडे अधूनमधून लक्ष ठेवा." तो थांबला. "तेवढंच. सगळं शंभर वेळा आठवलंय मी. पण काहीतरी राहिलंच असेल ना? आई गेली म्हणजे काहीतरी राहिलंच असेल."

रविवारी सकाळी नाडीबाईंनी बहीण-भावाला शेडमध्ये बोलावलं. काकांना नवीन क्लॅम्प आणायला बाजारात पाठवलं, मुद्दाम लांबच्या दुकानात. पाइप काढून टेबलावर ठेवला होता. शेजारी घरातला व्हॅक्युम क्लीनर. मास्तरांना वाटलं, शेड झाडायचीय.

"कॉम्प्युटर खरं बोलला," बाई म्हणाल्या. "हवा कमीच पडत होती. पण कुठे? पाइप फुटला असता तर फुस्स आवाज आला असता. आला नाही. म्हणजे हवा बाहेर जात नव्हती, आत येतानाच अडत होती. डिझेल तेवढंच आणि हवा कमी, म्हणून काळा धूर. आणि इंजिन बंद केलं की अडलेलं सुटत होतं. मामांनी बंद केलं, सुटलं. मी बंद केलं, सुटलं. हे बघा."

त्यांनी व्हॅक्युम क्लीनरचं तोंड पाइपला लावलं, दुसऱ्या टोकातून टॉर्च मारली आणि बटण दाबलं.

पाइपच्या आतलं रबराचं अस्तर हललं. फुगलं. मग जीभ टाळ्याला चिकटावी तसं वर गेलं आणि पाइप बंद. बटण सोडलं, तर अस्तर परत खाली. काही झालंच नाही जसं.

"सपाटीवर इंजिन थोडी हवा ओढतं, तेव्हा हे गप्प असतं. चढावर जोरात ओढतं, तेव्हा उठून चिकटतं. आणि इंजिन चालू आहे तोवर सुटत नाही."

"चाळीस मिनिटं," बहीण पुटपुटली.

"अस्तर सुटलं कशाने?" भावाचा आवाज बदलला होता. सहा आठवड्यांत पहिल्यांदा तो मेकॅनिकसारखा बोलला. त्याने पाइप उचलला, आत बोट घातलं, नाकाशी नेलं.

आणि तिथेच थांबला.

"डिझेल," बाई म्हणाल्या. "रबर डिझेलने फुगतं, आतले थर सुटे होतात. लोखंडी पाइपला काही होत नाही. तुझी रेघ तुटलीय, म्हणजे तुझ्यानंतर क्लॅम्प उघडला गेला. मामा म्हणतात आपण काही उघडलं नाही, आणि त्या खेपेला अस्तर आधीच सुटलेलं होतं. कंपनीच्या वर्कशॉपचं म्हणशील, तर तिथली माणसं पान्याने खोलतात. ही खाच सुरीच्या टोकाने चावलीय, आणि तसली सुरी या घरात आहे. ज्याने उघडला त्याने आत ब्रश घातला आणि मन लावून घासलं. एकदा नाही, दर रविवारी. परत घट्ट आवळलं. निष्काळजी माणूस एवढं करत नाही."

दोघांनी खिडकीकडे बघितलं. खिडकीत तो डबा होता. त्यात ब्रश उभा.

"मीच सांगितलं होतं," भाऊ म्हणाला. "लक्ष ठेवा म्हणून. त्यांनी माझं ऐकलं."

बहीण रडत होती, आणि त्याच वेळी हलकीही झाली होती. दोन्ही एकदम दिसत होतं तिच्या तोंडावर. "तुझी चूक नव्हती. मी आत्ता सांगते बाबांना."

त्याने तिचं मनगट धरलं. "नाही सांगायचं."

"वेडा आहेस का? सहा आठवडे..."

"मी बत्तीस वर्षांचा आहे, मी उचलेन. त्यांना नाही झेपणार. आपल्याच हाताने, आणि किल्ली फिरवली असती तर... ताई, ते एक दिवस जगतील का?"

फाटक वाजलं. काका आले, हातात कागदाची पुडी. टेबलावरचा पाइप त्यांनी पाहिला.

"सापडलं का बाई?"

नाडीबाईंनी तोंड उघडायच्या आत भाऊ म्हणाला, "हो बाबा. माझंच चुकलं. जुना पाइप बदलायला हवा होता, मी तसाच ठेवला."

काका त्याच्याजवळ गेले. मग पुडी टेबलावर ठेवली आणि सहा आठवड्यांनी पहिल्यांदा त्याच्या केसांवरून हात फिरवला. "चुकतं माणूस," ते म्हणाले. "जेवत नाहीस वाटतं काही."

भाऊ लहान मुलासारखा रडला. मास्तर सांगताना इथे थांबले होते, चष्मा पुसायला. मला वाटलं, संपलं.

पण काकांनी खिडकीतला डबा उचलला. ब्रश निथळवला. "नवीन पाइप आणून बसवा," ते म्हणाले. "त्याची आता मी काळजी घेईन. दर रविवारी, आतून."

भाऊ पांढराफटक पडला. बहिणीने तोंडावर हात ठेवला. कुणीतरी बोलायलाच हवं होतं, म्हणून नाडीबाई बोलल्या, "काका, त्याला डिझेल लावू नका."

"का?"

"रबर आहे ते. रबराला डिझेल चालत नाही."

काकांच्या हातातला ब्रश तसाच राहिला. एक थेंब खाली पडला. त्यांनी टेबलावरच्या जुन्या पाइपकडे बघितलं, मग मुलाकडे, मग सावकाश बाईंकडे.

"आणि जुना," त्यांनी विचारलं, "तो कशाचा होता?"

मुलगा काकांच्या मागे उभा होता. बाईंकडे बघून त्याने दोन्ही हात जोडले. आणि मास्तर म्हणतात, चाळीस वर्षांच्या संसारात नाडीबाईंना उत्तर माहीत असून त्या गप्प राहिल्या, असं त्यांनी तेव्हा पहिल्यांदाच पाहिलं.

आता बोल. तू तिथे असतीस, समोर तो म्हातारा आणि मागे ते जोडलेले हात, तर तू काय केलं असतंस?