पाचवा करडा

न्हावऱ्याहून आलेल्या त्या पत्राला चांगदेवआप्पांनी उत्तर दिलं नव्हतं.

पुढचं सगळं खरं आहे. गेल्या वैशाखात, यवतमध्ये, टळटळीत दुपारी घडलेलं. आप्पांना खोटं बोलायची लाज वाटते.

पत्र धुरपदाबाईंचं. ‘आप्पा, मालकांचं डोळं मिटून द्या. फोटोत ते रातभर जागं असत्यात. मलाबी झोप न्हाई.’

मालक म्हणजे बाईंचा नवरा, भिमाजी. जिवंतपणी त्याचा फोटो कधी निघालाच नाही. मातीला न्यायच्या आधी काढला तो एकच, डोळे मिटलेला. तेव्हा आप्पांचा फोटो स्टुडिओ होता. मयताचे डोळे उघडून द्यायचे आणि मगच फोटो चौकटीत घालायचा, ही रीत. आप्पांनी तो कॉम्प्युटरवर घेतला आणि ठिपका ठिपका टाकून डोळे उघडले.

मशीन जुनं. पडद्यावर रंग सोळाच. त्यांतले फोटोच्या कामाचे चार. काळा, गडद करडा, फिकट करडा, पांढरा. मधली छटा हवी तर दोन रंगांचे ठिपके शेजारी शेजारी पेरायचे. लांबून नजर फसते.

पण आप्पांनी रंगवलं ते मूळ चित्रावरच. निगेटिव्ह कधीच हरवलेली; मिटलेले डोळे कुठंच उरले नाहीत. आता ते पुन्हा जमतील का, या शंकेतच पत्र पडून राहिलं.

त्या दुपारी त्यांनी मशीन लावलं. वरून एकेक ओळ उतरत भिमाजी आला.

कपाळ... भुवया... डोळे.

“ज्वारी निवडताय व्हय, एकेक दाणा?” आप्पांच्या पत्नी पार्वतीबाई दारातून म्हणाल्या. “हातानं जेवून घ्या. मी कुरडयांना चालले शेजारी.”

त्या गेल्या.

आप्पांनी बुबुळांवर करडे ठिपके भरले. पापण्या झाल्या. फाईल सेव्ह केली, बंद करून पुन्हा उघडली.

डोळे उघडे.

पुन्हा भरले. पुन्हा उघडे.

मग वीज गेली.

पंखा थांबला. मशीनची घरघर थांबली. हायवेचाही आवाज येईना...

पडदा मात्र विझला नाही.

भिमाजीच्या डोळ्यांत एक ओलसर करडा दिसत होता. गडद नाही, फिकटही नाही. ठिपक्यांची फसगत असेल, म्हणून आप्पांनी भिंग लावलं...

ठिपके नव्हतेच. सलग रंग होता. त्या मशीनमध्ये नसलेला, पाचवा.

आणि तो करडा आप्पांकडे वळला.

“भिमाजी...” आप्पा पडद्याकडे वाकून म्हणाले. “बाई जागी हाय रं तुझ्यापायी. झोप आता.”

मयताच्या डोळ्यांवरून फिरवतात तसा त्यांनी काचेवरून तळहात खाली ओढला.

काच ओली लागली. कोमट.

पडदा विझला.

वीज आल्यावर त्यांनी फाईल उघडली. डोळे मिटलेले होते.

आप्पांनी फोटो छापला. पार्वतीबाईंना काही सांगितलं नाही. सोबत दोनच ओळी लिहिल्या. ‘बाई, उशीर झाला. डोळे मिटले आहेत.’ कसे, ते लिहायला धीर झाला नाही.

पोस्टाच्या पेटीपाशी त्यांनी पाकीट तळहातानं आत रेटलं.

तेवढ्यात हाताखाली, कागदाच्या आत, पापणी लवल्यासारखं काहीतरी हललं...

आप्पांनी पाकीट धरायला बोटं आवळली.

ते पेटीत पडलं होतं.