सोळावा होकार

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण ही गोष्ट घडलेली आहे. जिच्या बाबतीत घडली ती बाई आजही म्हैसूरला चामराजपुरममध्ये राहते, रोज कॉलेजला जाते, आणि संध्याकाळी पाच वाजले की खोलीला कुलूप घालून निघते. साडेपाचपर्यंत ती तिथे थांबत नाही.

भुताची गोष्ट म्हटली की लोकांना अमावास्या लागते. इथे ती नाही. इथे आहे शुक्रवार, १४ जुलै २०१७. वेळ संध्याकाळी पाच वीस. बाहेर चांगला उजेड होता.

वनजा मेटगळ्ळीजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायची. घराणं जुन्या म्हैसूर फौजेतल्या मराठ्यांचं. तलवारी केव्हाच गेल्या, ताठा तेवढा राहिला. तिच्याच खोलीत, शेजारच्या टेबलावर विशालाक्षी बसायची. ती शिंप्याची मुलगी. दोघींच्या घरी मराठी, दोघी एकाच वर्षी नोकरीला लागलेल्या. लोक त्यांना मैत्रिणी म्हणायचे.

पण वनजा तिच्यावर जळायची.

उगाच आडपडदा कशाला? जळायची. विशालाक्षी दोन वाक्यं बोलायची आणि लोक लिहून घ्यायचे. वनजा तासभर बोलायची आणि लोक घड्याळ बघायचे. सभेत प्रश्न विचारायच्या आधी विशालाक्षीला हातातलं पेन दोनदा वाजवायची सवय होती. टिक, टिक. की सगळ्या माना तिच्याकडे वळल्याच. वनजाला त्या आवाजाचासुद्धा राग यायचा.

त्या वर्षी डिसेंबरात म्हैसूरलाच एक मोठी कॉम्प्युटर परिषद भरणार होती. विशालाक्षीने ठरवलं, तिच्यात एक दिवसाचं वर्कशॉप घ्यायचं. विषय: जुनं हस्ताक्षर यंत्राला वाचायला शिकवणं. तिला तो सुचला वडिलांच्या दुकानातल्या वह्यांवरून. वेंकटरमण शिंप्यांनी चाळीस वर्षं गिऱ्हाइकांची मापं अशा अक्षरात लिहिली होती की ते त्यांच्याशिवाय फक्त या मुलीलाच लागायचं.

प्रस्ताव तिनेच लिहिला. निबंध तपासायला पंधरा परीक्षकांची यादीही तिनेच केली. आयोजक म्हणून दोन नावं. वर विशालाक्षी, खाली वनजा. कॉलेजात मात्र ती कुणाला बोलली नाही. ठरल्याशिवाय बोलायचा तिचा स्वभावच नव्हता.

आणि जुलैत तिला डेंग्यू झाला.

हॉस्पिटलमधून मेसेज आला. "प्रस्ताव तू पाठव. पृथ्वीवर सगळ्यात शेवटी जिथे दिवस संपतो तिथली मध्यरात्र ही मुदत आहे. म्हणजे आपले आजचे साडेपाच. मी मोजलंय. आणि नावांचं थोडं बोलायचंय, फोन करते."

पाच वीसला फोन वाजला.

वनजाने तो उचलला नाही.

फोन वाजत राहिला. वनजाने प्रस्ताव उघडला, वरचं नाव खोडलं, आणि पाठवून दिला. आजारी माणूस कसलं आयोजन करणार, असं तिने स्वतःला समजावलं. पण चोराच्या मनात चांदणं. दार लावलेलं आहे ना, हे तिने उठून दोनदा पाहिलं.

सोमवारी पहाटे विशालाक्षी गेली.

वनजा रडली. खरंच रडली. पण ऑगस्टअखेर प्रस्ताव मंजूर झाल्याचं पत्र आलं आणि प्रिन्सिपलांनी सगळ्यांसमोर तिचं अभिनंदन केलं, तेव्हा ती गप्प उभी राहिली. इतक्या वर्षांनी सगळ्या माना तिच्याकडे वळल्या होत्या. तिला ते गोड लागलं.

सप्टेंबरात परीक्षकांना निमंत्रणं धाडायची होती. वनजाने विशालाक्षीचीच यादी उचलून परिषदेच्या पोर्टलवर चिकटवली. बटण दाबलं. मग आकडा पाहिला.

सोळा.

वर्कशॉप भरवणारे बहुतेक लोक यादीच्या शेवटी स्वतःचा एक पत्ता घालून ठेवतात. पत्रं नीट जातात की नाही ते कळावं म्हणून. विशालाक्षीनेही घातला होता. कॉलेजचा, जुना. आणि यादी लावताना तो काढायला वनजा विसरली होती.

जाऊ दे, तिला वाटलं. माणूसच नाही म्हटल्यावर पत्र परत येईल.

पत्र परत आलं नाही.

तिसऱ्या दिवशी ती एकटीच काम करत बसली होती. पंखा बंद. बाहेर कुणी नाही. आणि शेजारच्या टेबलाकडून...

टिक. टिक.

वनजाने मान वळवली. खुर्ची आत सरकवलेली. टेबल रिकामं. त्याच्यावर दोन महिन्यांची धूळ होती.

तेवढ्यात पोर्टलवर एक ओळ उमटली. विशालाक्षी वेंकटरमण: होकार. त्याखाली परीक्षकाला काही म्हणायचं असेल तर एक चौकट असते. सहसा ती कुणी भरत नाही.

ती भरलेली होती.

"विषय छान आहे. कुणाला सुचला?"

वनजा धावतच शेषगिरीकडे गेली. कॉलेजची सगळी ईमेल खाती त्याच्या ताब्यात.

"त्या मॅडमचं खातं?" त्याने स्क्रीन तिच्याकडे फिरवली. "नोडी, बघा, ऑगस्टच्या तीन तारखेलाच बंद केलंय. मीच केलंय."

"मग तिथून उत्तर कसं येईल?"

"येणारच नाही. कुणीतरी चेष्टा करत असेल. सुम्ने, उगाच डोक्याला ताप घेऊ नका, मॅडम."

तिने नाव यादीतून काढलं. सकाळी ते परत होतं. पुन्हा काढलं. पुन्हा आलं. शेवटी तिने एकेक निबंध दोघादोघांना वाटला आणि त्या नावाला एकही दिला नाही.

तरी अभिप्राय आले.

तीन निबंधांवर आले, सगळ्यांच्या आधी आले, आणि मुख्य म्हणजे उत्तम आले. निबंध लिहिणारे वनजाला आभार मानून विचारू लागले, हे तिसरे परीक्षक कोण? असं बारकाईने आजवर आमचं कुणी वाचलं नव्हतं.

आता अशा वेळी कुणालाही भीती वाटावी. वनजालाही वाटत होती. पण भीतीच्या वर काहीतरी होतं. मेली तरी हिचंच कौतुक, असं तिच्या मनात आलं, आणि स्वतःचीच शिसारी आली.

डिसेंबर उजाडला. परिषदेतली सगळी वर्कशॉप्स गंगाधरराव नावाचे वयस्कर प्राध्यापक बघायचे. वनजाचं भाषण सकाळी अकराला. सभागृह भरलेलं. मागे लोक उभे होते.

पहिल्या रांगेतली एक खुर्ची मात्र रिकामी होती. उभ्या असलेल्यांपैकी कुणीही तिच्याकडे गेलं नाही.

त्या खुर्चीच्या शेजारी बसल्या होत्या शांताक्का. विशालाक्षीची आई. वनजाने त्यांना बोलावलं नव्हतं.

भाषण छान चाललं होतं. लोक लिहून घेत होते. वनजाचा आवाज चढला. आणि मग रिकाम्या खुर्चीकडून...

टिक. टिक.

सगळ्या माना तिकडे वळल्या. वनजाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. गंगाधररावही वळले, कुणाचं तरी ऐकतात तसे थांबले, हसून मान डोलावली, आणि म्हणाले, "प्रश्न चांगला आहे. मॅडम, उत्तर द्या."

वनजाला प्रश्न ऐकूच आला नव्हता.

पण प्रश्न कोणता, ते तिला माहीत होतं.

"मला सुचला नाही," वनजा म्हणाली. "हा विषय विशालाक्षीचा आहे. प्रस्तावही तिचाच. तिचं नाव मी खोडलं."

मग सगळे उठून उभे राहिले आणि टाळ्या वाजवू लागले. बराच वेळ वाजवत होते.

त्या टाळ्या विशालाक्षीसाठी होत्या. वनजा तिथे उभी राहून रडत होती, आणि तेव्हाही तिच्या मनात कुठेतरी जळत होतं. हे तिनेच पुढे सांगितलं, म्हणून लिहितो आहोत.

चहाच्या वेळी ती गंगाधररावांजवळ गेली. "सर, त्या प्रश्नाचे शब्द काय होते?"

"कुठला प्रश्न?"

"मध्येच विचारला तो. तुम्हीच म्हणालात ना, उत्तर द्या."

त्यांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. "मॅडम, कुणीच काही विचारलं नाही. तुम्ही बोलता बोलता थांबलात, आणि आपणहून सांगितलंत. म्हणून तर लोक उठून उभे राहिले."

मागून शांताक्कांनी तिचा हात धरला.

"अय्यो, रडू नको, मगळे, माझ्या पोरी. बरं केलंस बोलावलंस ते. पत्र आलं होतं घरी."

"शांताक्का, मी तिचं नाव..."

"ऐकलं ग. पण ती काय म्हणत होती, तुला ठाऊक आहे का? अंगात ताप, तरी फोन हातात. म्हणायची, अम्मा, ह्या वेळी वनजाचंच नाव घालते. माझं नकोच. तिच्याकडे कुणी बघत नाहीत, तिला वाईट वाटतं, अल्वा? तेच सांगायला शुक्रवारी फोन लावत होती. तू उचलला नाहीस."



एवढ्यावर संपलं असतं तर बरं झालं असतं.

पुढच्या वर्षी वर्कशॉप पुन्हा घ्यायचं ठरलं. वनजाने प्रस्ताव लिहिला. वर विशालाक्षी, "विषयाची मूळ कल्पना" असं लिहून. खाली आपण. शेषगिरीला शेजारी बसवून घेतलं आणि पाच वीसला प्रस्ताव पाठवला. पोच आली.

आयोजक: वनजा.

एकच नाव.

शेषगिरीने आपल्या हाताने दुसऱ्यांदा भरलं. एकच नाव. तिसऱ्यांदा भरलं, आणि मग तो उठून गेला. छापील पुस्तिकेतही तसंच आलं. त्यानंतर दरवर्षी तसंच येतंय. परिषद बदलली, पोर्टल बदललं, तरी तसंच.

लोक आता वनजाकडे बघतात. तिला लांबलांबून बोलावणी येतात. ती प्रत्येक ठिकाणी उठून सांगते की हे काम विशालाक्षीचं आहे. लोक तिच्या मोठ्या मनाचं कौतुक करतात आणि कार्यक्रमाच्या पत्रिकेत तिचंच नाव छापतात.

ही क्षमा आहे की शिक्षा, ते वनजाला अजून कळलेलं नाही.

यंदाची मुदत परवा आहे. प्रस्ताव तयार आहे, दोन नावांचा. ती तो घरून पाठवणार आहे. कॉलेजातल्या त्या खोलीत दुसरं टेबल अजून रिकामंच आहे, आणि मुदतीच्या दिवशी पाच वीसला वनजाचा फोन वाजतो.

ती दरवेळी उचलते. पलीकडे कुणी बोलत नाही.