एकोणसाठ सालची नोंद

चौदा वर्षांनी भाऊ दारात उभा राहिला, आणि शेळीची धार काढणाऱ्या आक्काबाईचे हात जागच्या जागी थांबले! पाली गावाच्या वर, डोंगराच्या उतारावर तिचं एकटीचं घर. नवरा केव्हाच गेलेला, पोटी मूल नाही. दिवसचे दिवस शेळ्यांखेरीज कुणाशी बोलणं व्हायचं नाही. आणि आज तिचा धाकटा भाऊ चिमाजी आला होता... सोबत त्याची नात वैष्णवी. म्हातारीच्या काळजात वेडी आशा उसळली. माझ्या आठवणीनं आला माझा चिमा!

"आक्का, तुझी शाळेतली नोंद पायजे," चिमाजी खाली मान घालून म्हणाला.

आशा तिथंच विझली.

मग वैष्णवीनंच समजावलं. बारावीला तिला चांगले मार्क पडले होते, पुण्याच्या कॉलेजात राखीव जागा लागली होती; पण जात पडताळणीच्या अर्जाला घरातली एकसष्टच्या आधीची नोंद लागते. आजोबांचं नाव शाळेत बासष्टला घातलेलं. जुन्या रजिस्टरात त्याआधीचं एकच नाव सापडलं होतं... आक्काबाई रखमाजी ढेबे, सन एकोणसाठ.

"उद्या अर्ज न्हाई भरला तर जागा जाईल, आज्जी. ती आक्काबाई मीच, असं तुमी भोरला येऊन लिहून दिलं पायजे."

भोर! त्याच भोरात, चिमाजीच्या धाकट्या मुलाच्या लग्नात, भरल्या मांडवात तो हसत म्हणाला होता, "आमची आक्का अडाणी! शाळा दिसली की पळत सुटायची." पाहुणे खो खो हसले, आणि ती भरल्या ताटावरून उठून डोंगरावर आली ती पुन्हा उतरली नाही. खरं काय ते तिला एकटीला ठाऊक होतं. दोघांतलं एक पोर मेंढरांमागं हवंच, असं बाप म्हणाला, त्या दिवशी दहा वर्षांच्या आक्कानं रडत रडत खोटं सांगितलं होतं, "मला न्हाई आवडत शाळा! चिमाला घाला." ते खोटं तिनं साठ वर्षं उरात जपलं होतं.

आता नुसतं 'न्हाई' म्हटलं की झालं... तिनं वैष्णवीकडे पाहिलं. पोरगी ओठ मिटून, पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत उभी होती. बापापुढं आपणही अशाच उभ्या होतो, हे तिला आठवलं.

"शेळ्या गावातल्या फुलाबाईकडं सोडून येते," एवढंच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी भोरच्या कचेरीत तिघं बाकावर बसली. वाटेत एसटीत आक्काबाई भावापासून लांबच्या सीटवर बसली होती. कारकुनानं पुकारा केला, "आक्काबाई रखमाजी ढेबे!"

बापाच्या नावानिशी तिला कित्येक वर्षांत कुणी हाक मारली नव्हती. म्हातारी ताडकन उठली, हात सरळ सोडून उभी राहिली आणि खणखणीत आवाजात बोलून गेली, "हजर, गुरुजी!"

कचेरीत हशा पिकला. तिनं लाजून जीभ चावली... पण चिमाजी हसला नाही. बहिणीच्या सुरकुतल्या चेहऱ्यावरचा तो आनंद शाळेतून पळून आलेल्या पोरीचा नव्हता!

"आक्का..." तो म्हणाला. "तुला शाळा आवडत व्हती?"

"लई आवडायची रं, चिमा!" आणि तिला रडू आवरेना.

"मग सोडलीस ती... माझ्यापायी?"

तिनं लहानपणीसारखा त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. सत्तरीला टेकलेला भाऊ भरल्या कचेरीत तिच्या पायांशी बसला. "म्या चारचौघांत तुला अडाणी म्हनलो गं! मला माफ कर, आक्का!"

"ऊठ आदी," डोळे पुसत ती म्हणाली. "पोरीचा अर्ज राहिलाय."

अर्ज गेला, पावती मिळाली. घरी राहा म्हणून वैष्णवीनं हात धरला, पण शेळ्या वाट पाहत असतील म्हणत आक्काबाई परतीच्या एसटीत जाऊन बसली. चिमाजी खिडकीखाली आला.

"सोमवारी येतो तुला न्यायला."

तिनं थकल्या डोळ्यांनी भावाकडे पाहिलं. "आनी कोन्ता कागद ऱ्हायलाय का?"

"न्हाई, आक्का," चिमाजी म्हणाला. "आता कागद नगं. तू पायजेस."