घड्याळजींचा ताप

"माझ्या वडिलांना माझ्या नवऱ्यामुळे आजार झाला की नाही, एवढंच मला शोधून द्या," ती तरुणी म्हणाली आणि खुर्चीत बसली. ती शिवणकाम करायची. घाईत निघाल्यामुळे बोटातलं अंगुस्तान तसंच राहिलं होतं.

अक्काने तिच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला. खाजगी तपासाच्या धंद्यात केस पांढरे झाले, तरी रडवेल्या माणसाला आधी पाणी द्यायचं हा तिचा नेम सुटला नव्हता. शेजारी तिचा धाकटा भाऊ बसला होता. टपालखात्यातून निवृत्त झाल्यापासून तो अक्काबरोबर हिंडायचा आणि प्रत्येक प्रकरणात सगळ्यांआधी गुन्हेगार ठरवून मोकळा व्हायचा.

मुलीने हकिगत सांगितली. वडील घड्याळजी. हात थरथरायला लागले, बारीक स्क्रू धरता येईनात, म्हणून त्यांनी दुकान बंद केलं. पुढे एकदा ते शिडीवरून पडले, तेव्हा मुलीने वचन घेतलं, की यापुढे उंचावर चढायचं नाही. मग ते रोज वाचनालयात जाऊ लागले. आता न्यूमोनियाने रुग्णालयात होते आणि औषधं चालू असूनही ताप हटत नव्हता. नवरा त्याच रुग्णालयात ब्रदर. "रोज रोगराई घरी आणतोस," असं आत्याने, म्हणजे वडिलांच्या बहिणीने, त्याला तोंडावर सुनावलं. तो रुग्णालयाच्या वसतिगृहात राहायला गेला.

"आणि तू काय म्हणालीस?" अक्काने विचारलं.

"मी गप्प बसले. तेच खातंय मला."

बाहेर पडल्यावर भाऊने निकाल देऊन टाकला. ब्रदर रोज रोग्यांत वावरतो, मग दुसरं कोण असणार? बाजारातल्या मनोऱ्याखाली थांबून त्याने आपलं घड्याळ लावून घेतलं. वर्षानुवर्षं बंद पडलेलं मनोऱ्यावरचं हे मोठं घड्याळ हल्लीच चालू झालं, याचं त्याला भारी कौतुक. अक्का मात्र मनोऱ्याच्या झरोक्यांत दाटीवाटीने बसलेली कबुतरं बघत होती.

जावई प्लास्टरच्या खोलीत भेटला. मोडलेले हातपाय बांधायचे, हेच त्याचं काम. हात धुऊन धुऊन त्याची बोटं सोलवटली होती. घरी आणखी कोणी आजारी पडलं का, असं अक्काने विचारलं. कोणीच नाही. तान्हं बाळ तर त्याच्या कुशीत झोपायचं, त्याला साधी शिंकही नव्हती. आत्याबद्दल तो वाकडा शब्द बोलला नाही.

"सासऱ्यांना भेटलास?"

"नाही. त्या वॉर्डात मी पाऊलच टाकत नाही," तो म्हणाला. "न जाणो, आत्यांचं खरं असलं तर?"

आत्या घरी घड्याळजींचा कोट आणि टोपी धुवायला काढत होती. बोलायला फटकळ, पण डोळे सुजलेले. टोपीच्या माथ्यावर आणि कोटाच्या खांद्यांवर करडी धूळ होती, बाहीला काळं वंगण. जुन्या पुस्तकांची धूळ, असं ती म्हणाली. वंगणाचं तिला काही सांगता येईना. खिशातून एक करडं पीस निघालं, तेव्हा ती आणखीच वैतागली. ग्रंथपालाने वेगळंच सांगितलं: घड्याळजी कित्येक महिन्यांत वाचनालयाकडे फिरकलेच नव्हते.

"म्हातारपणी कसलं लफडं?" भाऊने हळूच विचारलं.

"लफडंच," अक्का हसून म्हणाली. "चल, डॉक्टरांना गाठू."

दुपारी अक्काने डॉक्टर, मुलगी आणि आत्या यांना घड्याळजींच्या खाटेशी जमवलं.

"आत्या, रुग्णालय म्हटलं की रोग, असं कुणालाही वाटतं," तिने सुरुवात केली. "पण कामातला धोका दारावरच्या पाटीवरून कळत नाही. हाताला काय लागतं, श्वासात काय जातं, ते बघावं लागतं. जावयाकडे मोडकी हाडं येतात, त्यांची कुणाला लागण होत नाही. त्याने ताप आणला असता तर आधी बाळ आजारी पडलं असतं. मग मी घड्याळजींचं काम शोधायला लागले."

"ते निवृत्त आहेत," भाऊ म्हणाला.

"पुस्तकाची धूळ हाताला लागते, टोपीच्या माथ्यावर पडत नाही. ही वरून पडलेली. पुस्तकांना वंगणही लागत नाही. वंगण लागतं यंत्राला. थरथरत्या हातांना बारीक स्क्रू धरता येत नाहीत, पण मोठी चाकं येतात. गावात वर्षानुवर्षं बंद असलेलं एक मोठं घड्याळ हल्लीच चालू झालं. तिथे कबुतरं राहतात आणि खिशात पीस सापडलं. वाळलेल्या विष्ठेची धूळ झाडताना छातीत गेली, डॉक्टर."

डॉक्टर खुर्चीतून उठलेच. पक्ष्यांचं त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. असा ताप नेहमीच्या औषधाला दाद देत नाही, त्याला वेगळं औषध लागतं, आणि माणसाकडून माणसाला तो सहसा होत नाही, असं म्हणत ते औषध बदलायला गेले.

मुलीने वडिलांकडे पाहिलं. "बाबा, वचन दिलं होतंत ना?"

"हो गं," घड्याळजी पुटपुटले. "पण तिथली चाकं परातीएवढी आहेत, पोरी. हात हलला तरी सुटत नाहीत. पुन्हा कारागीर झालो बघ." मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "जावईबापू दिसले नाहीत ते? ही म्हणते रात्रपाळी आहे."

मुलगी उठून तडक खाली गेली आणि नवऱ्याला हाताला धरूनच वर घेऊन आली. जिन्यात ती त्याला काय म्हणाली ते दोघांनाच ठाऊक. पण डोळे दोघांचेही ओले होते.

वॉर्डाच्या दारात आत्या उभी होती. त्याच्या शर्टाची चुरगळलेली कॉलर नीट करत ती म्हणाली, "किती वाळलास रे. घरी चल."

"येतो, आत्या," तो म्हणाला. "आधी बाबांजवळ जरा बसतो." आणि तो आत गेला.