खेकड्याचा गुलाबी पाय

दोन्ही हातांत दादाच्या फौजेचे डबे, म्हणून तिने बैठ्या खेळांच्या दुकानाचं दार खांद्यानेच ढकललं. दारामागे कोणीतरी उभं होतं. धक्का बसला, काहीतरी खाली पडलं... आणि बुटाखाली कट्‌कन मोडलं.

"माझा खेकडा!"

एक उंच माणूस गुडघ्यांवर बसून मुठीएवढं यंत्र उचलत होता. पितळी बॉयलर, इवलंसं धुराडं आणि सहा पाय. आता पाच.

"सॉरी हं... मला तुम्ही दिसलाच नाहीत."

"एवढा उंच माणूस दिसला नाही?"

"खेकड्यामागे लपला होतात ना!"

त्याने रागावायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही.

दुकानाच्या मागच्या खोलीत भल्यामोठ्या टेबलावर एक शहर मांडलं होतं. गॅसचे दिवे, उंच टोप्या घातलेले बोटभर सैनिक, नदी, पूल आणि पलीकडे राणीचा महाल. समुद्रातून वाफेवर चालणारी लोखंडी यंत्रं चालून येतात आणि शहराने आठ रविवार पूल राखायचा, अशी ती मोहीम. यंत्रांची बाजू त्या उंच माणसाची, राणीची दादाची होती. पण हा शूर सेनापती न्हाणीघरात घसरला आणि उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये घालून बसला.

"तू फक्त माझे हात हो, डोकं माझं," असं म्हणून त्याने बहिणीला आणलं होतं. दातांच्या लॅबमध्ये दिवसभर कवळ्या घडवणारी ती. तिच्या हातांना डोक्याची उसनवारी कधीच लागली नव्हती.

"द्या इकडे," म्हणत तिने कामाची पेटी उघडली. कवळीच्या हिरड्या बनवायची भुकटी आणि द्रव कालवून दहा मिनिटांत नवा पाय बसवला. पाय मजबूत होता, आणि चांगलाच गुलाबी.

"दोन दातही लावून देऊ?"

"नको, आधीच माझ्या ताब्यात नाही. चावायला लागेल."

बिनरंगाची बाहुली टेबलावर चढत नाही, हा दुकानाचा नियम. दुकानवाले काका पंच होते. त्यांनी चष्म्यावरून पायाकडे पाहिलं. "हा कसला रंग?"

"हिरड्यांचा!" दोघंही एकदम म्हणाली.

पुढच्या रविवारी पाय काळा करून आणतो, असं त्याने सांगितलं. पुढच्या रविवारी पाय गुलाबीच होता, आणि त्याच्या पुढच्याही. "विसरलो," तो म्हणायचा. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, शंभर इमारतींतल्या लिफ्ट त्याला तोंडपाठ होत्या!

तिसऱ्या रविवारी फासा टेबलाखाली गेला. दोघं वाकली, डोक्यावर डोकं आपटलं आणि त्या आपटण्यात 'अहो-जाहो' कुठेतरी सांडलं ते सांडलंच. दादाला गप्प बसवून आता ती स्वतःच लढत होती. खेकडा पुलाजवळ आला, की नेमका त्याचा बॉयलर थंड पडायचा. "वाफ संपली," तो उसासा टाकायचा. घरी ती मिशा नसताना मिशांवर ताव देत सांगायची, "पूल राखला मी!" आणि सोमवारी लॅबमध्ये कवळ्या घासताना उगाचच हसायची.

सातव्या रविवारी दादाला मोहिमेचा इतिहास तिच्याकडून लिहून घ्यायची हुक्की आली. प्रत्येक चालीचा हुकूम आधी चिठ्ठीवर लिहून काकांकडे द्यायचा, ते मनात वाचून बाहुल्या हलवायचे. त्या सगळ्या चिठ्ठ्या ती घरी घेऊन आली. खेकडेवाल्याचं अक्षर तिने लगेच ओळखलं. 'बॉयलर विझवा. पुलावर जाऊ नका.' एकदा नव्हे, तीन रविवार ओळीने.

शेवटच्या रविवारी तिने त्याला दुकानाच्या पायरीवरच गाठलं.

"दया केलीस माझ्यावर?"

"दया?" तो गोंधळला. "पूल पडला असता तर मोहीम संपली असती. मग पुढच्या मोहिमेपर्यंत दादाचं प्लास्टर निघालं असतं आणि त्या खुर्चीत... दादा बसला असता." त्याने मान खाली घातली. "दादा चांगला आहे गं. पण मी दादासाठी येत नाही."

तिच्या काळजाने उडी मारली. पण राग त्याहून मोठा होता.

"मला वाटत होतं मी लढतेय. आणि तू मला खेळवत होतास! आज खरं खेळ. नाहीतर पुन्हा तोंड दाखवू नकोस."

"हरशील."

"हरेन. पण माझी मी हरेन."

मग तो खरोखर खेळला. तीही इरेला पेटली. तिने पुलाची एक कमान उडवली, गल्लीगल्लीत त्याला अडवलं, दोन तास घाम फोडला. शेवटच्या फाशावर तिला पाच हवे होते. चार पडले. खेकडा गुलाबी पाय टाकत महालाच्या दारात उभा राहिला.

दादाने प्लास्टरनेच तोंड झाकलं. ती मात्र खुशीत होती. आजवर राखलेल्या पुलापेक्षा आज गमावलेला पूल जास्त तिचा होता. आणि जिंकलेला तो बिचारा चोरासारखा तिच्या तोंडाकडे बघत होता.

शेवटच्या दिवशी तहाच्या अटी मोठ्याने वाचायच्या. खेळाआधीच दोघांनी दोन-दोन पाकिटं दिली होती, 'जिंकल्यास' आणि 'हरल्यास'. हरलेल्याचं पाकीट आधी, म्हणून काकांनी तिचं 'हरल्यास' फोडलं.

"पराभूत राणीची अट. पुढच्या रविवारी चार वाजता खेकड्याच्या सेनापतीने चहाला यावं. फौज आणू नये..." काका थबकले. "दादालाही आणू नये."

"अगं, ती माझी राणी आहे!" दादा ओरडला.

खेकड्याच्या सेनापतीचे कान गुलाबी झाले होते, त्या पायाहून जास्त. "आणि... जिंकली असतीस तर?"

तिने दुसरं पाकीट पुढे सरकवलं. आत तीच अट होती. फक्त वेळ साडेतीनची.

"जिंकल्यावर अर्धा तास कशाला थांबू?" ती म्हणाली.

"घ्या!" काकांनी कपाळाला हात लावला. "युद्धात कमावलं आणि तहात गमावलं!"

"गमावलं कोणी, काका?" म्हणत त्याने खेकडा तिच्या तळहातावर ठेवला. "याचा पाय तेवढा रंगवायचा राहिला..."

"रंगवून तर बघ," ती म्हणाली. "आणि रविवारी साडेतीनलाच ये."