मावशीआजीचं वाक्य

लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली तेव्हा आत दोघंच होती. तिने चौथ्यांदा बटण दाबलं, तसा तो हळूच म्हणाला, "दाबून सुरू होते का हो? ...मी आपलं विचारलं हो."

तिच्या कपाळाला आठी पडली. "हे वाक्य कुणाचं आहे, माहितीये?"

"सिनेमातलं ना? सगळेच म्हणतात."

सगळेच म्हणतात, हेच तर तिचं दुखणं होतं. गाद्यांच्या जाहिरातीत तेच, कपांवर तेच, गाड्यांच्या काचांवर तेच. नाव मात्र सिनेमातल्या त्या नटाचं! तो नट जन्माला यायच्या आधी, दर रविवारी रेडिओच्या श्रुतिकेत ते म्हणायची तिची मावशीआजी: आधी खोचक प्रश्न, मग साळसूद आवाजात 'मी आपलं विचारलं हो'. शेवटी निवेदक सांगायचा, 'आणि इतर कलाकार'. पंच्याऐंशीची मावशीआजी आजही ती जाहिरात लागली की उठून आत जाते.

लिफ्ट हलेपर्यंत तिने त्याला हे सगळं सुनावलं. तो एकदाच हसला, गालाला खळी पडली... तिला ती मुळीच आवडली नाही. जवळजवळ मुळीच.

तासाभराने तो त्याच इमारतीतल्या रेडिओ केंद्राच्या ध्वनिसंग्रहात, थेट तिच्या कामाच्या टेबलापुढे उभा. केंद्राच्या प्रदर्शनाचे फलक त्यानेच लिहिले होते, त्या वाक्याखाली नटाचं नाव होतं आणि मजकूर आज छापायला जायचा होता. पुरावा असेल तर बदलतो, म्हणाला.

त्या काळी केंद्रात टेप पुसून पुन्हा वापरत. त्या श्रुतिकेची एकच वाचली होती, तीही चिकटलेली. अशी टेप पन्नास अंशांवर आठ तास शेकावी लागते, तेव्हा कुठे ती एक-दोनदा वाजते. सकाळी नऊला तिने ती उबवणपेटीत ठेवली होती.

"म्हणजे पाचला," तो म्हणाला. "थांबतो मी."

दुपारी त्याने कॉफी आणली. कपांवर वाक्य नाही, हे बघूनच आणल्याचं गंभीरपणे सांगितलं. हसू दाबताना तिला ठसका लागला.

साडेचारला छापखान्यातून फोन आला: आत्ताच्या आत्ता मजकूर हवा. पेटी आता उघडून टेप वाजवली तर तिच्यावरचा लेप सोलून निघेल, आवाजासकट, हे तिने त्याला सांगितलं. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि फोनवर म्हणाला, "नटाचं नाव काढा. जागा कोरी ठेवा. जबाबदारी माझी."

पाचला टेप फिरली. खरखरीतून पंचविशीतली मावशीआजी तेच वाक्य बोलली, टेपमधली माणसं खळखळून हसली. त्याने पेन काढून फलकावरच्या कोऱ्या जागेसाठी मावशीआजीचं पूर्ण नाव विचारलं आणि लिहून घेतलं.

"पण ऐकायच्या आधीच नाव कसं काढलंत?"

"खोट्यासाठी कुणी इतकं मनापासून भांडत नाही."

"मग दिवसभर कशाला बसलात?"

"टेपसाठी नाही... तुमच्यासाठी."

"हे सकाळीच सांगता आलं नसतं?"

"सकाळी तुम्ही रागावला होतात."

"अजूनही रागावलेलीच आहे." तिने त्याचा हात धरून त्याला खुर्चीतून उठवलं. "चला, मावशीआजीसमोर सांगा. ती माझ्याइतकी गरीब स्वभावाची नाही."